प्रवाशापलीकडचा हिशेब

नवा रेल्वेमार्ग, सागरी पूल किंवा महामार्ग जाहीर झाला की त्याच्या पाठोपाठ दोन आकडे येतात. पहिला खर्चाचा. तो हजारो कोटींचा असला तरी समजण्यासारखा असतो. दुसरा आकडा लाभाचा. या प्रकल्पामुळे इतके रोजगार निर्माण होतील, राज्याच्या उत्पन्नात इतकी भर पडेल, मागास भागाचा कायापालट होईल, असे तो सांगतो. हा दुसरा आकडा कोठून आला, तो कोणी मोजला आणि कसा, हे विचारण्याची आपल्याकडे फारशी पद्धत नाही. परिणामी समर्थक तो छातीठोकपणे सांगतात आणि विरोधक तो हसण्यावारी नेतात. वस्तुतः या मोजणीचे रीतसर शास्त्र आहे आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्यात बरीच नवी भर पडली आहे. घर विकत घेताना मेट्रोचा अधिभार मोजणाऱ्या शहरी नागरिकाला त्याची तोंडओळख असणे गैर ठरू नये.

या शास्त्राचा उगम फ्रान्समध्ये आहे. ज्यूल द्युपुई हा तेथील रस्ते व पूल खात्यातील अभियंता. सार्वजनिक बांधकामांची उपयुक्तता कशी मोजावी, या विषयावर त्याने १८४४ साली निबंध लिहिला. त्याचे म्हणणे साधे होते. पुलावर जमणारी पथकराची रक्कम म्हणजे पुलाचा लाभ नव्हे. एक पैसा पथकर भरून पूल ओलांडणाऱ्यांपैकी कोणी वेळ आली असती तर पाच पैसेही दिले असते, कोणी दोन. त्यांनी मोजायची तयारी ठेवलेली किंमत आणि प्रत्यक्ष मोजलेली किंमत यांतील फरक हा समाजाचा लाभ असतो, जरी तो कोणाच्याही जमाखर्चात दिसत नसला तरी. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘उपभोक्त्याचे संतोषाधिक्य’ या जडजंबाळ नावाने जी कल्पना शिकवली जाते, ती मुळात एका पुलावर सुचलेली आहे.

शहरी रेल्वेला ही कल्पना काटेकोरपणे लावून पाहण्याचे काम लंडनमध्ये झाले. व्हिक्टोरिया लाइन या भुयारी मार्गाचा प्रस्ताव बरीच वर्षे रेंगाळला होता, कारण तिकिटांच्या उत्पन्नातून तो खर्च वसूल होण्याची चिन्हे नव्हती. ख्रिस्तोफर फॉस्टर आणि मायकेल बीझली या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिकीटबारी बाजूला ठेवून समाजाच्या लाभांची बेरीज मांडली. नव्या गाडीने जाणाऱ्यांचा वेळ वाचेल हे उघड होते. पण जे त्या गाडीत कधीच बसणार नाहीत त्यांनाही लाभ होतो, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. काही प्रवासी भुयारात गेल्यामुळे वरचे रस्ते मोकळे होतात, बसगाड्या वेगाने धावतात, इतर भुयारी मार्गांवरची गर्दी कमी होते. तोट्यात चालणारी रेल्वे समाजाच्या दृष्टीने फायद्याची असू शकते, हा विचार त्यामुळे सरकारी कार्यालयांत रुजला. व्हिक्टोरिया लाइनचा पहिला टप्पा १९६८ साली सुरू झाला.

पुढील काही दशके हीच रीत चालली. वाचलेल्या मिनिटांना पैशाचे मोल द्यायचे. कामानिमित्तच्या प्रवासातील मिनिटाला जास्त, घर ते कचेरी प्रवासातील आणि सहलीच्या मिनिटाला कमी. त्यात इंधनाची बचत, टळलेले अपघात, कमी झालेला धूर मिळवायचा आणि एकूण बेरजेला खर्चाने भागायचे. आपल्याकडेही मेट्रोचे प्रकल्प अहवाल साधारण याच मळवाटेने जातात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणाने प्रकल्पाला मंजुरी देताना निव्वळ वित्तीय परताव्याऐवजी १४ टक्के आर्थिक परतावा ही कसोटी ठेवली. वित्तीय परतावा म्हणजे कंपनीच्या तिजोरीत येणारा आणि आर्थिक परतावा म्हणजे समाजाच्या पदरात पडणारा, असा हा भेद आहे. फॉस्टर आणि बीझली यांनी मांडलेला भेदही हाच.

परंतु एक प्रश्न उरतोच. वाचलेल्या मिनिटांत सारे लाभ येतात काय? रेल्वे आली म्हणून वसलेली कचेऱ्यांची वस्ती, वाढलेला व्यापार, मिळालेल्या नोकऱ्या यांचे काय? सामान्य माणसाला वाटते की हे सारे वेगळे मोजले पाहिजे. अर्थतज्ज्ञ मात्र बराच काळ नकार देत होते आणि त्यामागे तर्क होता. कारखानदाराचा मालवाहतुकीचा खर्च शंभर रुपयांनी कमी झाला, म्हणून त्याने माल स्वस्त केला, म्हणून खप वाढला, म्हणून दोन माणसे जास्त लागली. या साखळीतील प्रत्येक कडी म्हणजे मूळच्या त्याच शंभर रुपयांचे निराळे रूप आहे. वाहतुकीत शंभर मोजले आणि पुन्हा रोजगारात शंभर मोजले, तर एकाच रुपयाची दोनदा नोंद होते. जागांच्या भावाचेही तसेच. स्थानकाजवळचे घर महाग होते, कारण तेथून कचेरी लवकर गाठता येते. प्रवाशाचा वेळ मोजून झाल्यावर घराचा वाढीव भाव त्यात मिळवणे ही चक्क दुहेरी मोजणी होय. आपल्याकडील घोषणांत ही चूक सर्रास दिसते.

ब्रिटिश सरकारच्या ‘सॅक्ट्रा’ या सल्लागार समितीने १९९९ साली ‘वाहतूक आणि अर्थव्यवस्था’ हा अहवाल दिला तेव्हा या तर्काची मर्यादा स्पष्ट झाली. बाजारात पूर्ण स्पर्धा असेल आणि प्रत्येक वस्तूची किंमत तिच्या खऱ्या खर्चाइतकी असेल, तरच प्रवाशाचा लाभ हाच समाजाचा संपूर्ण लाभ ठरतो. खऱ्या जगात तशी स्पर्धा नसते. सरकार वेतनावर कर घेते, मोठ्या कंपन्या खर्चापेक्षा चढे भाव लावतात, आणि शेजाऱ्याच्या हुशारीचा फायदा आपल्याला फुकट मिळतो. जेथे जेथे अशी तफावत आहे, तेथे प्रवाशाच्या हिशेबात न आलेला लाभ शिल्लक असू शकतो. याच शिल्लक लाभाला ‘व्यापक आर्थिक लाभ’ असे नाव पडले. त्याच अहवालाने बजावलेली दुसरी गोष्ट मात्र प्रकल्पांचे प्रवर्तक सोयीस्करपणे विसरतात. रस्त्याला दोन दिशा असतात. शहराकडून गावाकडे रस्ता झाला की गावचा माल जसा शहरात जातो, तसा शहरचा माल गावात येतो, आणि गावातील लहान उत्पादक त्यात टिकेलच असे नाही.

या नव्या मोजणीचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे लंडनची क्रॉसरेल, जी आज एलिझाबेथ लाइन या नावाने धावते. शहराच्या पोटातून पूर्व-पश्चिम जाणारा हा मार्ग शंभर किलोमीटरहून लांब असून त्यासाठी ४२ किलोमीटर नवे बोगदे खणावे लागले. ब्रिटनच्या वाहतूक खात्याने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात क्रॉसरेलच्या लाभांचा तक्ता दिला होता. तो जरा सावकाश पाहण्यासारखा आहे.

जुन्या पद्धतीने मोजलेले प्रवाशांचे लाभ होते १,२८३ कोटी पौंड. त्यांपैकी कामानिमित्तच्या प्रवासाचे ४८५ कोटी आणि उरलेले घर-कचेरी व फुरसतीच्या प्रवासाचे. त्यावर व्यापक आर्थिक लाभांची भर पडली ७१६ कोटी पौंडांची, म्हणजे मूळ लाभांच्या निम्म्याहून अधिक. ही भर तीन जागांहून आली.

पहिली जागा सान्निध्याची. मुंबईच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. सोन्याचांदीचा व्यापार झवेरी बाजारात, विजेच्या सामानाचा लोहार चाळीत, कापडाचा मंगलदास मार्केटात का एकवटला? पुण्यात पुस्तकांची दुकाने अप्पा बळवंत चौकातच एकमेकांना खेटून का उभी आहेत? स्पर्धक शेजारी असूनही कोणी उठून जात नाही, कारण गिऱ्हाईक तेथे येते, कारागीर तेथे मिळतो, बाजारातील बातमी तेथे आधी कळते. आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञाने १८९० साली हे नोंदवले होते. नवीन गोष्ट अशी की लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील डॅनियल ग्रॅहम यांनी त्याचे माप काढले. एखाद्या ठिकाणाहून किती रोजगारांपर्यंत किती कमी त्रासात पोहोचता येते, यावरून त्या ठिकाणाची ‘प्रभावी दाटी’ ठरवायची आणि तिचा उत्पादकतेशी संबंध पाहायचा. २००९ च्या त्यांच्या अंदाजानुसार वित्त, कायदा, सल्लागार अशा व्यावसायिक सेवांत ही लवचिकता सुमारे ०.०८ निघाली आणि कारखानदारीत ०.०२ च्या आसपास. साध्या भाषेत सांगायचे तर प्रभावी दाटी दुप्पट झाली तर व्यावसायिक सेवांची उत्पादकता जवळजवळ ६ टक्क्यांनी वाढेल, कारखान्यांची जेमतेम दीड टक्क्याने. रेल्वेची किमया अशी की एकही नवा मनोरा न बांधता ती शहर अधिक दाट करते. माणसे जेथल्या तेथे राहतात, पण एकमेकांच्या अधिक जवळ येतात. एक कंपनी स्थानकाजवळ आली की तिच्या आगमनाने शेजारच्या कंपनीलाही थोडा लाभ होतो आणि त्याचे पैसे कोणी कोणाला देत नाही. म्हणून हा लाभ प्रवाशाच्या तिकिटात किंवा वेळेत दिसत नाही. क्रॉसरेलच्या तक्त्यात तो ३०९ कोटी पौंड होता.

दुसरी जागा कराची, आणि हा भाग मला सर्वांत चलाख वाटतो. समजा, लंडनच्या उपनगरातील एका माणसाला कॅनरी व्हार्फच्या बँकेत वर्षाला १० हजार पौंड जास्त देणारी नोकरी मिळू शकते, पण प्रवास इतका कटकटीचा की तो ती घेत नाही. वाढीव वेतनातून ३ हजार पौंड करापोटी जाणार असतील, तर त्याच्या मनातील तराजूत एका पारड्यात ७ हजार पौंड असतात आणि दुसऱ्यात प्रवासाची कटकट. गाडी सुरू झाली, कटकट थोडी कमी झाली आणि त्याने नोकरी घेतली. त्याचा स्वतःचा लाभ प्रवाशांच्या लाभात आधीच मोजला गेला आहे. परंतु सरकारला मिळालेले ३ हजार त्याच्या तराजूत कधी नव्हतेच. ते वेगळे मोजणे रास्त आहे. क्रॉसरेलमुळे अधिक उत्पादक नोकऱ्यांकडे वळणाऱ्यांमुळे राष्ट्रीय उत्पादनात १,०७७ कोटी पौंडांची भर पडेल असा अंदाज होता. पण समाजाच्या लाभात त्यातील केवळ कराचा सुमारे ३० टक्के हिस्सा धरला गेला. जास्त लोक कामाला लागल्याने येणारा थोडा कर मिळवून ही बाब ३५८ कोटींवर गेली.

तिसरी जागा अपुऱ्या स्पर्धेची. तिच्यासाठी कामानिमित्तच्या प्रवासलाभावर सरसकट १० टक्के धरले गेले, म्हणजे ४८.५ कोटी. रेल्वेमुळे स्पर्धा वाढून होणारा लाभ मात्र शून्य मांडला होता, कारण विकसित देशात रस्त्यांचे जाळे आधीच पुरेसे दाट असते. तक्त्यात शून्य लिहिण्याचा हा प्रामाणिकपणा मला मोठ्या आकड्यांपेक्षा अधिक भावतो.

या तक्त्याच्या तळाशी एक गंमत आहे. समाजाच्या एकूण लाभाची बेरीज १,९९९ कोटी पौंड आणि राष्ट्रीय उत्पादनातील वाढीची २,००७ कोटी. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, पण हा निव्वळ योगायोग. फुरसतीच्या प्रवासात वाचलेला वेळ हा माणसाचा खरा लाभ असला तरी तो राष्ट्रीय उत्पादनात मोजला जात नाही. उलट नव्या नोकरीचे सारे वेतन राष्ट्रीय उत्पादनात येते, पण त्यासाठी माणसाने सोसलेली दगदग त्यातून वजा होत नाही. आजारी आईला भेटायला जाणाऱ्या मुलीची अर्ध्या तासाची बचत एका हिशेबात आहे, दुसऱ्यात नाही. तेव्हा ‘या प्रकल्पाने सकल उत्पादन इतके वाढेल’ असे कोणी सांगितले, तर ते समाजाचे कल्याण किती वाढेल याचे उत्तर नसते. दोन्ही आकडे एकत्र मिळवणे तर त्याहून वाईट.

क्रॉसरेलचा कायदा २००८ साली झाला, काम २००९ साली सुरू झाले. २०१० साली खर्चाची मर्यादा १,४८० कोटी पौंड ठरली होती आणि डिसेंबर २०१८ मध्ये गाड्या धावायच्या होत्या. प्रत्यक्षात मधला मुख्य टप्पा २४ मे २०२२ रोजी उघडला आणि खर्च सुमारे १,९०० कोटींवर गेला. लाभाचा आकडा कितीही शास्त्रशुद्ध काढला तरी भागाकारातील खालचा आकडा हलत असेल, तर उत्तर बदलते. सुदैवाने प्रवासी आले. करोनानंतर घरून काम करण्याची सवय रुजली असतानाही या मार्गावर वर्षाला २० कोटींहून अधिक प्रवास होऊ लागले. सगळ्यांचे नशीब असे नसते. बेंट फ्लायव्हबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली निरनिराळ्या देशांतील प्रकल्पांचे भाकीत आणि वास्तव ताडून पाहिले, तेव्हा दर दहा रेल्वे प्रकल्पांपैकी नऊ प्रकल्पांत प्रवासीसंख्या फुगवून सांगितल्याचे आढळले. व्यापक लाभांची सारी इमारत प्रवासीसंख्येच्या पायावर उभी असते, हे येथे ध्यानात ठेवायला हवे. पाया फुगवला की वरचे मजले आपोआप फुगतात.

पण सर्वांत कठीण आक्षेप वेगळाच आहे. दाट आणि सुगम शहरांत उत्पादकता जास्त असते, हे खरे. ती सुगमतेमुळे जास्त असते काय? की जेथे पैसा आणि हुशार माणसे होती, तेथेच आधी रेल्वे नेली गेली? ब्रिटनच्या ‘एचएस-टू’ या द्रुतगती रेल्वेच्या वादात हा प्रश्न चव्हाट्यावर आला. केपीएमजी या सल्लागार संस्थेने २०१३ साली अहवाल दिला की या रेल्वेमुळे देशाच्या उत्पादनात वर्षाला १,५०० कोटी पौंडांची भर पडू शकेल. नावाजलेल्या अर्थतज्ज्ञांनी त्यामागील पद्धतीवर उघड शंका घेतली. उत्पादकतेतील सारा फरक रेल्वेच्या माथी मारल्याचा तो आक्षेप होता. पुढे बीबीसीने माहिती अधिकाराच्या कायद्याखाली तपशील मिळवला, तेव्हा ॲबर्डीन, कार्डिफ अशा पन्नासहून अधिक ठिकाणांचे नुकसान होईल, असे त्याच अभ्यासात निघाले होते. एके ठिकाणी आलेली कचेरी बऱ्याचदा दुसरीकडून उठून आलेली असते. नव्या स्थानकाच्या परिसरात दहा हजार नोकऱ्या दिसल्या तर त्यांतील किती खरोखर नव्या आणि किती नुसत्या सरकलेल्या, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. एचएस-टूचा बर्मिंगहॅमच्या उत्तरेकडील भाग ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द झाला.

मग खरे-खोटे कसे पाखडायचे? याचे उत्तम धडे लंडनपेक्षा भारतातून मिळाले आहेत, ही आपल्याला फारशी ठाऊक नसलेली गोष्ट. भाकिताऐवजी प्रत्यक्ष परिणाम मोजायचा, आणि तोही बांधलेल्या मार्गाची तुलना न बांधलेल्या मार्गाशी करून.

डेव्ह डोनाल्डसन या अर्थतज्ज्ञाने ब्रिटिश अमदानीतील १८७० ते १९३० या काळातील जिल्हावार नोंदी धुंडाळल्या. रेल्वे पोहोचलेल्या जिल्ह्यांत शेतीचे वास्तव उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी वाढलेले त्याला दिसले. संशय तोच: सुपीक जिल्ह्यांतच रेल्वे नेली असेल तर? म्हणून त्याने आखलेले, पण कधीच न बांधलेले मार्ग शोधले. सरकारच्या लेखी तेही जिल्हे तितकेच होतकरू होते. तरी तेथे तशी वाढ नव्हती. म्हणजे श्रेय रेल्वेचे. सुवर्ण चतुष्कोण महामार्गाच्या अभ्यासात एजाझ घनी, अरती ग्रोव्हर गोस्वामी आणि विल्यम कर यांनी हीच युक्ती वापरली. महामार्गापासून १० किलोमीटरच्या आत असलेल्या जिल्ह्यांत संघटित कारखानदारी लक्षणीय वाढली. त्याच सुमारास आखलेल्या, पण काम रखडलेल्या उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम महामार्गालगत तशी वाढ आढळली नाही. रखडलेला प्रकल्प संशोधकाच्या असा कामी येतो, हा आपल्या कारभाराचा एक अनपेक्षित उपयोग म्हणायचा.

तिसरे उदाहरण मन खट्टू करणारे आहे, पण त्याहून महत्त्वाचे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत किती लोकवस्तीच्या गावाला आधी रस्ता द्यायचा, याच्या सीमारेषा ठरलेल्या होत्या. हजार आणि पाचशे. सीमेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेली गावे बाकी सर्व बाबतींत सारखीच. सॅम ॲशर आणि पॉल नोवोसाद यांनी अशा अकरा हजारांहून अधिक गावांची तुलना करून २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रस्ता आल्यावर शेतीवर राबणाऱ्यांचे प्रमाण नऊ टक्के-बिंदूंच्या आसपास घटले. माणसे गावाबाहेर मजुरीला जाऊ लागली. परंतु रस्ता होऊन सरासरी चार वर्षे उलटल्यावरही उत्पन्न, घरातील चीजवस्तू किंवा शेतीतील बदल यांत म्हणावा तसा फरक पडलेला नव्हता. गावात उद्योगही फारसे उगवले नाहीत. रस्त्याने दवाखाना आणि शाळा जवळ येते. त्याचे मोल कमी नाही. मात्र ‘रस्ता आला की समृद्धी येते’ हे गृहीतक या कसोटीवर उतरले नाही. चीनमध्ये बेंजामिन फेबर यांनी केलेल्या अभ्यासात तर मोठ्या शहरांना जोडणाऱ्या महामार्गांवर आलेल्या आडवळणाच्या परगण्यांची औद्योगिक वाढ मंदावल्याचे दिसले. सॅक्ट्रा समितीचा दोन दिशांचा रस्ता तो हाच.

आता बिल कोणी भरायचे, याकडे वळू. व्यापक लाभांची कल्पना मान्य केली तर एक गोष्ट ओघानेच येते: ज्यांना प्रवास न करता लाभ होतो त्यांच्याकडूनही पैसे घेणे न्याय्य आहे. लंडनने ते तर्कशुद्धपणे केले. एप्रिल २०१० पासून शहरातील मोठ्या व्यावसायिक जागांवर करपात्र मूल्याच्या दर पौंडामागे दोन पेन्स असा पूरक कर क्रॉसरेलसाठी बसवला गेला. सुरुवातीला ५५ हजार पौंडांहून कमी करपात्र मूल्याची दुकाने व कचेऱ्या त्यातून वगळलेल्या होत्या. सान्निध्याचा लाभ ज्या बड्या कंपन्यांना मिळणार, त्यांनाच त्याचे देणे.

महाराष्ट्रात एप्रिल २०२२ पासून मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर येथे मालमत्तेच्या खरेदीवर मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार लागतो. कल्पना त्याच जातीची, पण नेम चुकलेला. स्थानकाशेजारी वीस वर्षे घर असलेल्या मालकाच्या मालमत्तेचा भाव मेट्रोमुळे वाढला, तर ती वाढ त्याच्याकडे राहते. ते घर वाढलेल्या भावाने विकत घेणारे नवे जोडपे भावातून एकदा मोजते आणि अधिभारातून दुसऱ्यांदा. मेट्रोपासून कोसभर दूर घर घेणाराही तेवढेच टक्के भरतो. लाभ कोठे साचतो हे मोजले नाही की वसुली सोयीच्या जागी होते, एवढेच यातून दिसते.

मोजायचे ठरवले तर सामग्री आहे काय? लंडनमध्ये गाडी धावण्यापूर्वीच मार्गालगतच्या वस्त्यांची ‘आधीची’ स्थिती नोंदवून ठेवण्याचे काम वाहतूक प्राधिकरणाने हाती घेतले होते. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरील कामगार कामासाठी किती अंतर आणि कोणत्या वाहनाने जातात, हे विचारले होते आणि त्याची जिल्हावार कोष्टके उपलब्ध आहेत. मुंबईची पहिली मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली. आरे ते कफ परेड हा साडेतेहतीस किलोमीटरचा भुयारी मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. २०२१ ची जनगणना होऊ शकली नाही, आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ ठरवण्यात आली. म्हणजे मेट्रोपूर्वीची मुंबई एका जनगणनेत आहे आणि मेट्रोनंतरची दुसरीत येईल. प्रवासाचा तो प्रश्न तशाच शब्दांत पुन्हा विचारला गेला आणि त्याची कोष्टके जिल्ह्यापाशी न थांबता प्रभागापर्यंत दिली गेली, तर वर्सोवा, मरोळ किंवा वरळीचा माणूस आता किती दूरच्या कामावर जाऊ शकतो हे कळेल. शेजारच्या, मेट्रो न पोहोचलेल्या प्रभागाशी त्याची तुलनाही करता येईल.